हिरड्यांच्या रोगावर लस का निघत नाही?

उंदराच्या वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना तीन-तीन दाढा असतात. एका बाजूच्या तिन्ही दाढांची रांग मोजली, तर जेमतेम साडेतीन-चार मिलिमीटर भरते. तांदळाचा दाणासुद्धा तिच्याहून लांब असतो. प्रयोग संपल्यावर हा जबडा मांस काढून स्वच्छ करतात, मेथिलीन ब्ल्यूच्या निळ्या द्रावणात बुडवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. रंगामुळे दोन रेषा उठून दिसतात. दाताचे चकचकीत इनॅमल संपून मूळ सुरू होते ती एक, आणि दाताला धरून ठेवणाऱ्या हाडाची कड ही दुसरी. या दोन रेषांमधले अंतर एका बाजूला सात ठिकाणी मोजायचे, दुसऱ्या बाजूला पुन्हा सात ठिकाणी. अंतर जितके जास्त, तितके हाड झिजलेले. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत असतो, म्हणून मोजणाऱ्याला कोणता जबडा लस दिलेल्या उंदराचा आहे, हे आधी सांगत नाहीत.

हिरड्यांच्या रोगावर लस शोधण्याच्या गेल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या कित्येक प्रयत्नांचा निकाल या चौदा आकड्यांवर लागला आहे. निकाल वाईट नाहीत. उंदीर, घुशीच्या जातकुळीतले मोठे पांढरे उंदीर आणि माकडे या सगळ्यांमध्ये लसीने हाड वाचल्याचे दिसले. तरीही आज माणसासाठी अशी एकही लस बाजारात नाही. देवी गेली, पोलिओ जवळजवळ गेला, करोनावर वर्षभरात लस आली. मग तोंडातल्या एका जीवाणूपाशी आपण इतकी वर्षे का अडून बसलो आहोत? या प्रश्नाचे उत्तर शोधताना लस म्हणजे काय आणि रोग म्हणजे काय, याबद्दलच्या आपल्या काही पक्क्या समजुती तपासाव्या लागतात.

दात पडतात ते वयाने नव्हे

आपल्याकडे या रोगाला पायोरिया म्हणतात. दात घासताना रक्त येते, तोंडाला वास येतो, हिरडी दातावरून खाली सरकते, मग दात हलू लागतो आणि एक दिवस कीड न लागलेला, चांगला दिसणारा दात हातात येतो. घरातले म्हणतात, वय झाले. खरे तर वयाने दात पडत नाहीत. दाताभोवतीचे हाड वर्षानुवर्षे झिजत गेलेले असते आणि ते झिजताना दुखत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना हा रोग तीव्र स्वरूपात आहे.

सुरुवात होते ती दातावर साचणाऱ्या मऊ, पिवळसर थरापासून. डेन्मार्कमधल्या आऱ्हूस इथे हॅराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 मध्ये बारा जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा दात घासायला लागल्यावर त्या पूर्ववत झाल्या. थर हेच सुजेचे कारण आहे, हे इतक्या साध्या प्रयोगातून सिद्ध झाले.

पण सूज म्हणजे हाडाची झीज नव्हे. याच ल्यो यांचा दुसरा अभ्यास आपल्या शेजारच्या श्रीलंकेतला आहे. चहाच्या मळ्यांवर काम करणाऱ्या 480 पुरुष मजुरांच्या हिरड्या त्यांनी 1970 पासून पंधरा वर्षे तपासल्या. या मजुरांना दातांची कोणतीही वैद्यकीय सेवा मिळत नव्हती. जवळपास प्रत्येकाच्या दातांवर थर होता, किटण होते, हिरड्या सुजलेल्या होत्या. तरी सर्वांचे भवितव्य सारखे निघाले नाही. सुमारे 8 टक्के मजुरांचे हाड झपाट्याने गेले, 81 टक्क्यांचे मध्यम गतीने, आणि 11 टक्के मजुरांचा रोग सुजेच्या पुढे गेलाच नाही. घाण सारखी असूनही नुकसान वेगवेगळे झाले. म्हणजे थरात कोण राहते आणि शरीर त्याला कसा प्रतिसाद देते, यावर पुढचे सगळे ठरते.

काळ्या वसाहतीचा मालक

थरात राहणाऱ्यांपैकी सर्वांत कुप्रसिद्ध नाव आहे पोर्फिरोमोनास जिंजिवॅलिस. हा विनॉक्सी जीवाणू आहे. मोकळ्या हवेतला ऑक्सिजन त्याला मानवत नाही. म्हणून तो दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत खोल दडतो. निरोगी हिरडीत ही खाच एक ते तीन मिलिमीटर असते. दंतवैद्य बारीक खुणा असलेली सळई घालून ती मोजतात. चार, पाच, सहा असे आकडे येऊ लागले की खाचेचा खळगा झालेला असतो, आणि असा खळगा या जीवाणूला फार आवडतो.

प्रयोगशाळेत रक्त मिसळलेल्या माध्यमावर तो वाढवला, तर काही दिवसांत त्याच्या वसाहती काळ्या पडतात. हा काळा रंग म्हणजे रक्तातल्या लोहयुक्त हीमचा साठा. त्याला जगायला हे हीम लागते आणि ते मिळवण्यासाठी तो जिंजिपेन नावाची प्रथिने कापणारी विकरे वापरतो. या विकरांना या जीवाणूच्या कात्र्या म्हणायला हरकत नाही. हिरडीचे तंतू ती कापतात, रक्त गोठवणारी प्रथिने कापतात, शरीराने त्याच्यावर सोडलेल्या प्रतिपिंडांचेसुद्धा तुकडे करतात. लसीच्या गोष्टीत या कात्र्या पुन्हा येणार आहेत.

सिगमंड सोक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये खोल खळग्यांत एकत्र सापडणाऱ्या तीन जीवाणूंना 'लाल गट' असे नाव दिले. पोर्फिरोमोनास त्यांतला एक. पण तो संख्येने मोठा असतोच असे नाही. जॉर्ज हाजीशेंगालिस यांच्या गटाने 2011 मध्ये उंदरांवर दाखवले, की तोंडातल्या एकूण जीवाणूंच्या 0.01 टक्क्याहूनही कमी प्रमाणात असला, तरी तो बाकीच्या निरुपद्रवी जीवाणूंची घडी विस्कटतो आणि हाड झिजू लागते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ज्या उंदरांच्या अंगात जन्मापासून एकही जीवाणू नव्हता, त्यांच्या तोंडात हा एकटा सोडला, तेव्हा हाड झिजले नाही. गावातली माणसे एकमेकांवर उठवून देणारा आणि स्वतः मागे राहणारा एखादा असतो, तसा हा जीवाणू आहे. गाव रिकामे असेल, तर त्याचे काही चालत नाही.

हाड खातो कोण?

जीवाणू हाड खात नाही. हाड विरघळवणाऱ्या पेशी आपल्याच शरीरात असतात. जुने हाड मोडून नवे घडवणे हे त्यांचे रोजचे काम. हिरडीखाली संसर्ग झाला की पांढऱ्या पेशी तिथे जमतात, रसायने सोडतात, आणि त्यांतले काही निरोप थेट या हाड मोडणाऱ्या पेशींना जातात. मोडण्याचे काम वाढते, घडवण्याचे मागे पडते. एका अर्थाने शरीर संसर्गापासून दूर सरकत असते. दाह आतल्या हाडापर्यंत पोहोचू नये म्हणून हाड मागे घेतले जाते आणि त्या माघारीत दाताचा आधार जातो.

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बेट्स कॉलेजमध्ये पामेला बेकर यांनी 1990 च्या दशकात उंदरांवर याचा पुरावा दिला. रोगप्रतिकारक पेशींचे प्रमुख प्रकार ज्यांच्यात जन्मतःच नव्हते, अशा उंदरांना त्यांनी तोच संसर्ग दिला. त्यांचे हाड सुदृढ उंदरांपेक्षा कमी झिजले. प्रतिकार कमी होता, म्हणून नुकसानही कमी झाले.

लस करणाऱ्यासमोर यातून एक अवघड पेच उभा राहतो. लस म्हणजे शरीराच्या फौजेला आधीच तालीम देणे. पण इथे अर्धे नुकसान फौजच करते. जास्त आक्रमक फौज तयार केली, तर शत्रू मरेल की गाव जळेल? गेल्या तीस वर्षांतले सगळे गंभीर प्रयोग या एका प्रश्नाभोवती फिरतात.

प्रयोगांची वाट

हिरड्यांवर लस ही कल्पना नवी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये केनेथ गोडबी पायोरियाच्या रुग्णांना त्यांच्याच तोंडातल्या जीवाणूंपासून केलेल्या लशी टोचत असत. त्या काळी जीवाणू वाढवायचा, उष्णतेने मारायचा आणि टोचायचा, ही रीत सर्वमान्य होती. मुंबईकरांना ती ओळखीची आहे. 1897 च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस याच रीतीने तयार केली, आधी सशांवर तपासली आणि मग स्वतःला टोचून घेतली. पण प्लेगचा जीवाणू एकच होता आणि रोग काही दिवसांत माणूस नेत होता, त्यामुळे लस लागू पडते की नाही, हे लगेच दिसत होते. पायोरियात यातले काहीच नव्हते. कोणत्या जीवाणूवर नेम धरायचा, हेच गोडबींच्या काळात माहीत नव्हते, आणि ती उपचारपद्धती मागे पडली.

नेम धरता येऊ लागला तो प्राण्यांमधल्या प्रयोगांमुळे. हे प्रयोग करण्याच्या वेगवेगळ्या रीती आहेत आणि प्रत्येक रीत वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. सर्वांत सोपी म्हणजे उंदराच्या कातडीखाली जीवाणू टोचणे. गळू किती मोठे होते, हे पाहून जीवाणू किती घातक आहे हे कळते. पण कातडी म्हणजे हिरडी नव्हे. दुसरी रीत म्हणजे दाताच्या मुळाशी बारीक रेशमी दोरा बांधणे. दोऱ्याभोवती थर साचतो आणि उंदरात आठवडा-दीड आठवड्यातच हाड झिजते. कुत्रे आणि माकडे यांच्यातही ही रीत चालते. तिसरी रीत माणसातल्या रोगाच्या जरा जवळ जाते. उंदराच्या तोंडात पोर्फिरोमोनास मुळात नसतोच. म्हणून आधी सुमारे दहा दिवस पाण्यातून प्रतिजैविके देऊन त्याच्या तोंडातली जागा थोडी रिकामी करतात. मग चिकट, घट्ट द्रावणात कालवलेले सुमारे शंभर कोटी जीवाणू तोंडात सोडतात. एक दिवस सोडून पुन्हा, आणि तसेच तिसऱ्यांदा. सुमारे सहा आठवड्यांनी जबडा काढून त्या चौदा जागा मोजतात.

या रीतींनी एकेक पायरी पुढे जाता आले. 1992 मध्ये बफेलो इथल्या शास्त्रज्ञांनी नियंत्रित जीवाणू असलेल्या मोठ्या उंदरांना जीवाणूच्या बाहेरच्या केसांसारख्या तंतूंची लस दिली. हा तंतू म्हणजे जीवाणूचा दाताला धरण्याचा हात. लस दिलेल्या प्राण्यांचे हाड वाचले. त्याच प्रयोगात जीवाणूच्या पृष्ठभागावरचा दुसरा एक घटक लस म्हणून वापरला, तेव्हा तसे संरक्षण मिळाले नाही. कोणत्या अवयवावर नेम धरता, याला महत्त्व आहे, हे यातून कळले.

1994 मध्ये अमेरिकेतल्या सिएटल इथे माकडांवर प्रयोग झाला. माकडाचे दात, हिरड्या आणि तोंडातले जीवाणू आपल्याशी बरेच जुळतात. फॉर्मलिनने मारलेल्या संपूर्ण जीवाणूंची लस, तिच्यासोबत प्रतिकार चेतवणारे सहायक द्रव्य, आणि मग दातांना दोरा. क्ष-किरण छायाचित्रांची संगणकावर वजाबाकी करून हाडाची घट मोजली. लस दिलेल्या माकडांत झीज मंदावली होती. पोर्फिरोमोनासवरची लस आपल्या जवळच्या नात्यातल्या प्राण्यात काम करते, हे कळल्याने या क्षेत्रात मोठी आशा निर्माण झाली.

पुढचा टप्पा कात्र्यांचा. जिंजिपेनचे दोन प्रकार आर्जिनिन या अमिनो आम्लापाशी प्रथिने कापतात आणि एक लायसिनपाशी. 2001 मध्ये फ्रँक गिब्सन आणि कॅरोलिन जेन्को यांनी आर्जिनिनवाले दोन्ही प्रकार वेगवेगळ्या उंदरांना टोचले. दोन्हींविरुद्ध प्रतिपिंडे भरपूर तयार झाली. पण हाड वाचले ते एकाच गटात. या दोन प्रथिनांमध्ये मोठा फरक असा, की संरक्षण देणाऱ्या प्रथिनाला कापणाऱ्या पात्याच्या जोडीला चिकटण्याचा भागही आहे. प्रतिपिंडांची नुसती संख्या पुरत नाही, ती नेमकी कुठे जाऊन बसतात यावर सारे अवलंबून आहे. लसीबद्दलच्या बातमीत 'प्रतिपिंडे तयार झाली' एवढेच वाचून आपण समाधान मानतो, तेव्हा हा प्रयोग आठवावा.

मेलबर्नमध्ये एरिक रेनॉल्ड्स आणि नील ओब्रायन-सिम्पसन यांच्या गटाने ही सगळी शिकवण एकत्र केली. कात्रीचे पाते आणि चिकटण्याचा भाग जोडून त्यांनी एक प्रथिन तयार केले आणि तुरटीच्या कुळातल्या ॲल्युमिनियमच्या क्षाराबरोबर ते टोचले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात एक वेगळी गोष्ट होती. लस संसर्गाआधी दिली नव्हती. उंदरांना आधी रोग लावला आणि मग लस टोचली. तरीही झीज आटोक्यात आली. या लसीने जी प्रतिपिंडे तयार केली, ती दाह भडकवणाऱ्या जातीची नव्हती. कात्रीवर बसून तिचे पाते निकामी करणारी होती. अशी प्रतिपिंडे नुसती तोंडात लावली, तरी उंदरांना संरक्षण मिळाले. आधी पाहिलेल्या पेचाचे उत्तर इथे दिसू लागते. शत्रूवर आणखी मोठी फौज सोडायची नाही, त्याच्या हातातले शस्त्र काढून घ्यायचे.

दंडात दिलेले इंजेक्शन तोंडात काम कसे करते, ही शंका रास्त आहे. लाळेत रक्तातली प्रतिपिंडे फारशी नसतात. पण हिरडीच्या खाचेत रक्तातून एक द्रव सतत पाझरत असतो, आणि सूज असेल तेव्हा जास्त पाझरतो. त्यात रक्तातली प्रतिपिंडे असतात. जिथे जीवाणू दडलेला असतो, त्याच जागी ती पोहोचतात.

कुत्र्यांनी दिलेला धडा

उंदरांत यशस्वी झालेली एक लस खरोखरच बाजारात आली. ती माणसांसाठी नव्हती, पाळीव कुत्र्यांसाठी होती. कुत्र्यांनाही पायोरिया होतो. त्यांच्या तोंडात पोर्फिरोमोनासच्या कुळातले वेगळे जीवाणू राहतात. फायझर कंपनीच्या पशुआरोग्य विभागाने त्यांतल्या तीन जीवाणूंना मारून एक लस तयार केली. या कुळातल्या एका जीवाणूची लस उंदरांत तपासली असता हाडाची झीज कमी झाल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले होते. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्याने लसीला सशर्त परवाना दिला. सशर्त याचा अर्थ असा, की लस सुरक्षित आहे आणि तिचा उपयोग होईल अशी वाजवी अपेक्षा आहे. पक्का पुरावा पुढे द्यायचा आहे.

तो पुरावा मिळाला नाही. घरांत राहणारे, रोजचे खाणारे-पिणारे, वय वाढत जाणारे खरे कुत्रे घेऊन दीर्घकाळ अभ्यास केला, तेव्हा लस दिलेल्या आणि न दिलेल्या कुत्र्यांत अर्थपूर्ण फरक दिसला नाही. 2011 मध्ये कंपनीने लस बंद केली.

मला ही घटना अपयशापेक्षा प्रामाणिकपणाची वाटते. उंदरात दिसलेल्या परिणामाची खऱ्या आयुष्यात परीक्षा घेतली गेली, उत्तर नकारार्थी आले आणि लस मागे घेतली गेली. विज्ञान असेच चालायला हवे. पण उंदरापासून कुत्र्यापर्यंतचा पूल कुठे तुटला, हे समजून घेतल्याशिवाय माणसाकडे जाता येणार नाही.

पूल कुठे तुटतो?

पहिला फरक वेळेचा. उंदरात सहा आठवडे, माणसात वीस-तीस वर्षे. एवढ्या काळात मधुमेह होतो, तंबाखूची सवय लागते, लाळ कमी होते, तोंडातले जीवाणू बदलतात. लसीला या सगळ्या बदलांत टिकावे लागेल.

दुसरा फरक पाहुण्याचा आणि रहिवाशाचा. उंदराच्या तोंडात पोर्फिरोमोनास हा बाहेरून आणून घातलेला पाहुणा असतो. लस आधी दिलेली असली की शरीर त्याला उंबऱ्यावरच अडवते. माणसाच्या तोंडात तो वर्षानुवर्षे घर करून बसलेला असतो. त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे बऱ्याच रुग्णांच्या रक्तात आधीच असतात आणि तरीही रोग चालूच असतो. म्हणून मेलबर्नच्या प्रयोगात रोग लावल्यावर लस देणे महत्त्वाचे ठरते.

तिसरा फरक जातींचा. या जीवाणूच्या बाहेरच्या आवरणाचे किमान सहा प्रकार ज्ञात आहेत, धरणाऱ्या तंतूंच्याही वेगवेगळ्या जाती आहेत. एका प्रकारावर केलेली लस दुसऱ्यावर चालेलच असे नाही. त्या मानाने कात्र्या सगळ्या जातींत बऱ्याच सारख्या असतात. आजच्या संशोधकांचा कल तिकडे असण्याचे हेही एक कारण.

चौथा फरक टोळीचा. एक जीवाणू काढला, तर त्याची जागा दुसरा घेणार नाही कशावरून? दक्षिण कोरियातल्या एका गटाने 2019 मध्ये म्हणून नाकातून द्यायची लस उंदरांवर तपासली. तिच्यात पोर्फिरोमोनासचा एक तुकडा होता, त्याला आधार देणाऱ्या फ्यूसोबॅक्टेरियम या जीवाणूचाही एक तुकडा होता, आणि प्रतिकार चेतवण्यासाठी तिसऱ्याच एका जीवाणूच्या शेपटीतले प्रथिन त्यांना जोडलेले होते. नाकातून दिलेली लस लाळेतली प्रतिपिंडेही वाढवते, हा तिचा फायदा. जपानमध्येही नाकातून द्यायच्या लशींवर उंदरांत बरेच काम झाले आहे.

शेवटचा अडथळा प्रयोगशाळेबाहेरचा आहे. पायोरियाने माणूस सहसा मरत नाही आणि त्यावर साधे उपाय आहेत. त्यामुळे निरोगी माणसाला टोचायच्या लसीत किंचितसा धोकाही समाजाला चालणार नाही. वीस वर्षांनंतर दात वाचले का, हे पाहण्यासाठी चाचणी वीस वर्षे चालवायची कुणी? या रोगाचा संबंध मेंदूच्या अल्झायमर विकाराशी असावा, असे 2019 मध्ये जाहीर झाल्यावर जिंजिपेन रोखणारी गोळी माणसांवर तपासली गेली. 2021 मध्ये त्या चाचणीची मुख्य उद्दिष्टे साध्य झाली नाहीत. कात्री रोखण्याची कल्पना बरोबर असली, तरी ती कुणाला, कधी आणि कोणत्या रोगासाठी वापरायची, हे चुकले तर निकाल हाती लागत नाही.

तोवर आपल्या हातात

या सगळ्या प्रयोगांत हजारो प्राण्यांचे जीव गेले आहेत. त्यांच्याकडून मिळालेले ज्ञान फक्त भावी लसीसाठी राखून ठेवणे योग्य नाही. त्यातले बरेच आजच वापरता येते.

उंदरांनी शिकवले, की थर नसेल तर एकटा पोर्फिरोमोनास फारसे काही करू शकत नाही. म्हणजे थर काढणे हीच आज हाताशी असलेली खरी लस आहे. ती रोज टोचून घ्यावी लागते, एवढाच फरक. दिवसातून दोनदा दात घासायचे. दोन दातांच्या फटीत ब्रशचे केस पोहोचत नाहीत, तिथे फ्लॉस किंवा फटींसाठीचा बारीक ब्रश फिरवायचा.

थराचे किटण झाले की ते घरी निघत नाही, दंतवैद्याकडेच काढावे लागते. 'दात साफ करून घेतले की हलायला लागतात' ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. प्रत्यक्षात आधीच सैल झालेले दात किटणाने एकमेकांना चिकटवून धरलेले असतात. किटण निघाले की खरी अवस्था दिसते. किटणाने दात धरून ठेवणे म्हणजे पडकी भिंत वारुळाच्या आधारावर उभी ठेवण्यासारखे आहे.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत, विशेषतः बायकांमध्ये, मिश्री लावण्याची सवय अजून आहे. भाजलेल्या तंबाखूची ती पूड दात स्वच्छ करते, असा अनेकींचा विश्वास असतो. तंबाखू हिरड्यांचे नुकसान करते, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवते आणि व्यसन लावते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तर आणखी एक फसवणूक होते. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आतला रोग बराच पुढे गेल्यावरच कळतो.

आणि मधुमेह. ल्यो यांनीच 1993 मध्ये हिरड्यांच्या रोगाला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले. रक्तातली साखर वाढलेली असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्यांमधला दाह साखर आवरू देत नाही. घरात मधुमेहाचा रुग्ण असेल, तर डोळे आणि पाय तपासतो तशा त्याच्या हिरड्याही वर्षातून एकदा तपासून घ्यायला हव्यात.

लस येईल, असे मला वाटते. आली तर ती बहुधा जीवाणूला मारणारी नसेल, त्याच्या कात्र्या बोथट करणारी असेल, आणि सगळ्यांना सरसकट न देता ज्यांचे हाड वेगाने झिजते त्या थोड्यांना, दातांच्या सफाईच्या जोडीने दिली जाईल. पण ती येईपर्यंत एकदा दंतवैद्याच्या खुर्चीत बसा आणि आपल्या खाचा मोजून घ्या. आकडा तीनच्या आत असेल, तर तो तिथेच राखा. पुढे गेला असेल, तर उपचार आजच सुरू करा. पायोरियात एकदा झिजलेले हाड आपोआप परत येत नाही.